न्यायालयातील कारकून : त्याचे काम आणि त्याची नेमणूक

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस नगरातील दंगलीचे वर्णन आहे. देमेत्रिय नावाच्या सोनाराने संत पौलाविरुद्ध कारागिरांना चिथावले, जमावाने गायस आणि अरिस्तार्ख या दोघांना पकडून नाट्यगृहात ओढत नेले आणि तेथे दोन तास घोषणा चालल्या. हा जमाव कोणी शांत केला? प्रेषिताने नव्हे, रोमी सैन्यानेही नव्हे. नगराच्या चिटणिसाने, म्हणजे आपल्याकडील जुन्या शब्दात सांगावयाचे तर नगराच्या शिरस्तेदाराने, तो शांत केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते की, कोणाची कोणाविरुद्ध तक्रार असेल तर न्यायालये उघडी आहेत, अधिपती आहेत, तेथे जाऊन रीतसर फिर्याद करावी. तो ख्रिस्ती नव्हता, पौलाचा अनुयायी तर मुळीच नव्हता. मात्र रीत मोडता कामा नये, एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

या शिरस्तेदाराचे आजचे वारसदार आपल्या न्यायालयांत बसतात. सांगवी, दापोडी, पिंपळे गुरव या परिसरातील आपल्या कुटुंबांचा त्यांच्याशी संबंध येतो तो बहुधा दुःखाच्या प्रसंगी: घरातील कर्ता पुरुष गेला आणि बँकेने वारसा प्रमाणपत्र मागितले, घराच्या भिंतीवरून शेजाऱ्याने दावा लावला, मुलाची दुचाकी अपघातात सापडली. अशा वेळी लोक वकिलाकडे जातात, न्यायाधीशांना दुरून पाहतात, परंतु प्रत्यक्ष बोलणे होते ते टेबलामागे बसलेल्या कारकुनाशी. तो कोण, त्याला कोणी नेमले, त्याचा अधिकार किती, याची माहिती नसल्यामुळे आपले भाविक कधी त्याला उगाच घाबरतात, तर कधी त्याच्या नावाने तिसराच मनुष्य त्यांच्याकडून पैसे उकळतो. धर्मग्राम कार्यालयात यासंबंधी वारंवार विचारणा होत असल्याने या विषयावर सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटले.

प्रथम एक मोठा गैरसमज दूर करू. पिंपरीचे न्यायालय अनेक वर्षे मोरवाडी येथे महापालिकेच्या इमारतीत भरत असे, त्यामुळे ते महापालिकेचेच एक खाते आहे असे पुष्कळांना वाटते. पुण्यात तर महापालिका कायद्याखालील खटले चालविणाऱ्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाला सर्रास ‘महापालिका न्यायालय’ असेच म्हटले जाते. विनापरवाना बांधकाम, अतिक्रमण, सार्वजनिक आरोग्याच्या नियमांचा भंग असे खटले महापालिका तेथे दाखल करते. पण दाखल करते याचाच अर्थ ती तेथे पक्षकार आहे. पक्षकाराच्या हाताखालचा नोकर न्यायालयाचे दप्तर सांभाळू लागला तर समोरच्या सामान्य माणसाला न्याय कसा मिळावा? म्हणूनच इमारत कोणाचीही असो, तेथील कारकून हा महापालिकेचा कर्मचारी नसून न्यायखात्याचा कर्मचारी असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५० ने न्यायसंस्था आणि कार्यकारी यंत्रणा यांची फारकत करण्याचे तत्त्व सांगितले आहे, आणि त्यावेळच्या मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ सालीच स्वतंत्र कायदा केला होता. कनिष्ठ न्यायालयांवरील नियंत्रण अनुच्छेद २३५ अन्वये उच्च न्यायालयाकडे आहे.

सर्वत्र असेच आहे असे मात्र नाही. अमेरिकेतील अनेक शहरांत नगर न्यायालय हे खरोखरच शहराचे असते, आणि तेथील लिपिकाची नेमणूक कोठे नगरपरिषद करते, कोठे न्यायाधीश. ओहायो राज्यात तर मोठ्या लोकसंख्येच्या नगर न्यायालयांतील लिपिक लोकांच्या मतांनी निवडून येतो. ज्यांची मुले तिकडे स्थायिक झाली आहेत त्यांना हे ऐकून नवल वाटेल. न्यायालयाचा कारकून मतदानाने निवडावा, ही कल्पना आम्हांस तरी फारशी रुचत नाही. मते मागणाऱ्याला मते देणाऱ्यांची आठवण राहतेच.

आता त्याच्या कामाकडे वळू. ‘कारकून’ हा एकच शब्द आपण वापरतो, परंतु न्यायालयाच्या कचेरीत निरनिराळी माणसे निरनिराळी कामे करीत असतात. दावा किंवा अर्ज प्रथम स्वीकारणारा लिपिक तो तपासतो: न्यायालय शुल्क पुरेसे आहे काय, सह्या व प्रतिज्ञा आहेत काय, जोडलेल्या कागदांची यादी बरोबर आहे काय. त्रुटी आढळल्यास तो तसा शेरा मारतो. दावा चालण्याजोगा आहे की नाही हे ठरविणे त्याचे काम नव्हे, ते न्यायाधीशांचे. पुढे दाव्याची नोंद नोंदवहीत होऊन त्याला क्रमांक मिळतो. अलीकडे संगणकीकरणामुळे प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा एक कायम क्रमांक दिला जातो. हा सीएनआर क्रमांक ज्याच्याजवळ आहे त्याला आपल्या प्रकरणाची पुढची तारीख भ्रमणध्वनीवर घरबसल्या पाहता येते. आपल्या वकिलाकडून हा क्रमांक मागून घेऊन तो घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, अशी आमची कळकळीची सूचना आहे. ‘तारीख काढून देतो’ असे सांगून पैसे घेणाऱ्यांचा धंदा या एका क्रमांकाने बसतो.

न्यायासनाच्या खाली, न्यायाधीशांच्या समोर बसणारा तो बेंच क्लर्क. त्या दिवशीच्या प्रकरणांचा बोर्ड तयार करणे, कागद न्यायाधीशांपुढे ठेवणे, दाखल दस्तऐवजांवर निशाणी क्रमांक टाकणे आणि मुख्य म्हणजे रोजनामा लिहिणे हे त्याचे काम. रोजनामा म्हणजे प्रकरणाची दिनचर्या. कोण हजर होते, कोण गैरहजर, कोणता अर्ज आला, कोणता आदेश झाला, पुढची तारीख कोणती, हे सारे त्यात येते. तारीख न्यायाधीश देतात, कारकून ती लिहितो. साक्षीदाराची शपथही येथेच होते. चित्रपट पाहून आपले लोक समजतात की तेथे पवित्र शास्त्रावर हात ठेवावा लागतो. १९६९ च्या शपथ अधिनियमातील नमुन्यांत कोणत्याही ग्रंथाचा उल्लेख नाही. ईश्वराच्या नावाने शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, एवढेच आहे. बायबल समोर नाही म्हणून खोटे बोलण्यास मोकळीक आहे असे कोणी समजू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

नाझर हा शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी असे, आणि तो अजूनही न्यायालयात जिवंत आहे. पैशाचा हिशेब त्याच्याकडे. दंड, अनामत, पोटगीची रक्कम, साक्षीदाराचा भत्ता हे सर्व त्याच्या पावतीने जमा व अदा होते. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. बेलिफही सामान्यतः त्याच्याच देखरेखीखाली काम करतात. समन्स बजावणे, जप्ती करणे, ताबा देणे ही बेलिफाची कामे. बेलिफ दारात आला की आपल्याकडे बायामाणसे दार लावून घेतात, किंवा ‘घरात कोणी नाही’ असे मुलाकडून सांगवतात. त्याने काहीच साधत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशानुसार समन्स घेण्याचे नाकारल्यास त्याची प्रत दारावर चिकटवून बेलिफ तसा अहवाल देतो आणि पुढे प्रकरण आपल्या गैरहजेरीतही चालू शकते. समन्स घेणे म्हणजे दावा कबूल करणे नव्हे. ते घ्यावे, त्यावरील तारीख वाचावी आणि वकिलाकडे जावे.

फौजदारी बाजूला मुद्देमाल सांभाळणारा लिपिक असतो, निकाली प्रकरणांच्या गाठोड्यांवर अभिलेखपाल असतो. त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही. परंतु नक्कल विभागाविषयी मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण आपल्या लोकांचे सर्वांत जास्त नुकसान तेथे होते आणि तेही अज्ञानामुळे.

निकाल विरुद्ध गेला तर वरिष्ठ न्यायालयात अपील करता येते. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करण्याची मुदत तीस दिवसांची आहे. अपिलासोबत निकालाची प्रमाणित नक्कल लागते आणि ती मिळण्यास वेळ लागतो. म्हणून १९६३ च्या मुदत अधिनियमाचे कलम १२ असे सांगते की, नक्कल मिळविण्यासाठी लागलेला वेळ मुदतीत धरू नये. येथवर पुष्कळांना माहीत असते. माहीत नसते ते पुढचे. नक्कलेच्या शेवटच्या पानावर लिपिक तीन तारखा लिहितो: अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची. वगळला जातो तो पहिल्या दोन तारखांमधील काळ. समजा, निकाल १ जूनला झाला. अर्ज ५ जूनला केला आणि नक्कल २० जूनला तयार झाली. एरवी १ जुलैला संपणारी मुदत या सोळा दिवसांमुळे १७ जुलैपर्यंत जाते. पण नक्कल २० जूनला तयार असून आपण ती सवडीने १५ जुलैला नेली, तर मधले पंचवीस दिवस आपल्या खात्यातून गेले, न्यायालयाच्या नव्हे. आणि अर्जच जर मुदत संपल्यावर केला तर वगळण्यास काही उरतच नाही. आमच्या माहितीतील एका भगिनीचा राहत्या खोलीसंबंधीचा दावा असा गेला. नक्कल तयार होती, कोणी जाऊन ती आणली नाही. विलंब माफीचा अर्ज करता येतो हे खरे, पण तो मंजूर होईलच असे नाही, आणि त्या अर्जासाठी पुन्हा वकील, पुन्हा तारखा. लिपिकाने लिहिलेल्या तीन तारखांवर एका कुटुंबाचे छप्पर अवलंबून असू शकते. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी नक्कलेसाठी अर्ज करून टाकावा.

गरिबांच्या दृष्टीने आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. ज्याला न्यायालय शुल्क भरणे शक्य नाही अशा निर्धन व्यक्तीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तेहतिसाव्या आदेशान्वये शुल्काशिवाय दावा दाखल करण्याची परवानगी मागता येते. ती व्यक्ती खरोखर निर्धन आहे काय याची प्राथमिक चौकशी, न्यायालयाने अन्यथा निर्देश दिला नसेल तर, न्यायालयाच्या मुख्य लिपिकवर्गीय अधिकाऱ्याने करावयाची असते. ही तरतूद १९७६ च्या सुधारणेने आली. म्हणजे एका विधवेच्या भांड्याकुंड्यांची आणि बँकेतील शिल्लकीची विचारपूस करून ‘ही बाई निर्धन आहे’ असा अहवाल लिहिणारा मनुष्य कारकूनच. अंतिम निर्णय न्यायाधीशांचा असला तरी पहिली नजर त्याची असते. त्या नजरेत करुणा आहे की कंटाळा, यावर पुष्कळ काही ठरते. याशिवाय स्त्री पक्षकारांना मालमत्ता, पोटगी, घटस्फोट व हिंसाचार यासंबंधीच्या प्रकरणांत महाराष्ट्रात १९९४ च्या शासन अधिसूचनेने न्यायालय शुल्क माफ करण्यात आले, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती यांच्याबरोबरच औद्योगिक कामगारांनाही मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या आमच्या किती बांधवांना हे शेवटचे ठाऊक आहे? न्यायालयाच्या कचेरीत ‘विधी सेवा समिती कोठे आहे’ एवढे विचारले तरी पुरे.

बँकेतील ठेवी व येणी यांसाठी लागणारे वारसा प्रमाणपत्र १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखाली मिळते. वारस दाखला मात्र आजही १८२७ च्या मुंबई विनियम आठ खाली दिला जातो. एल्फिन्स्टनसाहेबांच्या काळातील हा विनियम जवळजवळ दोनशे वर्षे टिकून आहे. दोन्हींत नोटीस काढणे, हरकतींची वाट पाहणे, शुल्क भरून घेणे ही कामे कारकुनांच्या हातून होतात. दोन्हींसाठी मृत व्यक्तीचा मृत्यू दाखला लागतो, आणि तो महापालिकेचा लागतो. चर्चच्या मृत्यू नोंदवहीतील उतारा त्याला पर्याय होत नाही. तसेच आपल्या धर्मप्रांतीय न्यायालयाने विवाह रद्दबातल ठरविला तरी त्याने दिवाणी कायद्यातील विवाह संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ विरुद्ध जॉर्ज सेबॅस्टियन या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे.

ही माणसे नेमली कशी जातात? जिल्ह्यातील न्यायालयांच्या कर्मचाऱ्यांचा नियुक्ती अधिकारी म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीश. पूर्वी प्रत्येक जिल्हा आपापली जाहिरात देत असे. अलीकडील मोठ्या भरत्या उच्च न्यायालयाने सर्व जिल्ह्यांसाठी एकत्रितपणे केल्या. २०१८ च्या जाहिरातीत लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई-हमाल मिळून ८,९२१ पदांची निवड व प्रतीक्षा यादी करावयाची होती, त्यांत कनिष्ठ लिपिकांची ४,७३८ होती. डिसेंबर २०२३ च्या जाहिरातीत एकूण ४,६२९ पदे होती, पैकी कनिष्ठ लिपिकांची २,७९५. कनिष्ठ लिपिकासाठी कोणत्याही शाखेची पदवी, संगणकाचे प्रमाणपत्र, इंग्रजी टंकलेखन मिनिटाला चाळीस शब्द आणि मराठी तीस शब्द अशी पात्रता होती. मराठी उत्तम लिहिता-वाचता-बोलता येणे आवश्यक. चाळणी परीक्षा, टंकलेखन चाचणी आणि मुलाखत या तीन पायऱ्या.

यातील मराठीची अट आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावी. राज्य शासनाने २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने उच्च न्यायालयाच्या अधीन असलेल्या न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. आपली बरीच मुले इंग्रजी शाळांत शिकून बाहेर पडतात. घरी मराठी बोलतात, पण मराठी टंकलेखनाचे नाव काढले की हसतात. मिनिटाला तीस मराठी शब्द ही काही फार मोठी मजल नव्हे, तरी त्यावाचून एक स्थिर, मानाची नोकरी हातची जाते. वडील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये किंवा एखाद्या वाहन कारखान्यात लागले, म्हणून मुलानेही कारखान्याच्या फाटकावरच उभे राहिले पाहिजे असे नाही. कंत्राटी कामाच्या या दिवसांत तर नाहीच.

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या भागांतून या औद्योगिक पट्ट्यात आलेली आहेत, आणि अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा महाराष्ट्रात इतर मागासवर्गात समावेश होतो. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने त्यांना अनुसूचित जातीच्या सवलतींपासून दूर ठेवले, हा अन्याय आहे अशी ख्रिस्तसभेची भूमिका आहे व ती आम्ही अनेकदा मांडली आहे. परंतु जी सवलत आज आहे, तिची कागदपत्रेही वेळेवर न केल्यामुळे ती वाया जाते. जातीचा दाखला व उन्नत गटात नसल्याचे प्रमाणपत्र जाहिरात आल्यावर काढू म्हटले तर निघत नाही. २०२३ मध्ये अर्ज भरण्यास ४ ते १८ डिसेंबर एवढाच अवधी होता, म्हणजे पंधरा दिवस, आणि तेही आगमनकाळातील, नाताळच्या गाण्यांच्या तालमींचे.

आणखी एक अट आपल्या कुटुंबांना बोचणारी आहे. शासनाच्या लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाच्या नियमांनुसार २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनहून अधिक झाली असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. मुलांची संख्या ठरविण्याचा अधिकार पतिपत्नींचा, त्यांच्या सदसद्विवेकाचा आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिकविले आहे. तिसरे मूल झाले म्हणून बापाला कारकुनीही नाकारावी, हे आम्हांस पटत नाही. पण नियम आहे, आणि प्रतिज्ञापनात खोटे लिहून तो चुकविणे हा मार्ग नव्हे.

भरतीच्या काळात ‘वर ओळख आहे, इतके लाख द्या’ असे सांगणारे दलाल वस्तीत फिरू लागतात. अशा माणसाला पैसे देऊन लागलेल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. दागिने गहाण टाकून फसलेले मात्र आहेत. आणि लाच देणे हाही गुन्हाच आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली झालेल्या सुधारणेने लाच देणाराही शिक्षेस पात्र ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असल्यास सात दिवसांच्या आत तक्रार केली तर त्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

एकदा नेमलेला लिपिक पुढे वरिष्ठ लिपिक, सहायक अधीक्षक, अधीक्षक आणि जिल्हा न्यायालयात प्रबंधक या पदांपर्यंत चढू शकतो. त्याला मनात येईल तेव्हा काढता येत नाही. घटनेच्या अनुच्छेद ३११ प्रमाणे आरोप सांगून, चौकशी करून, बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊनच बडतर्फी करता येते. हे संरक्षण आळशी कारकुनाच्या कामी येते अशी तक्रार आपण ऐकतो, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु स्थानिक पुढाऱ्याचे न ऐकणाऱ्या कारकुनालाही तेच वाचविते.

ख्रिस्तसभेत हेच पद फार जुने आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने अडतिसाव्या नियमात असे ठरविले की, न्यायाधीशाने नेहमी एखादा सार्वजनिक लेखक, आणि तो न मिळाल्यास दोन योग्य माणसे, जवळ ठेवून खटल्यातील प्रत्येक गोष्ट लिहून घ्यावी: बोलावणी, मुदती, जबाब, साक्षी, अपिले, स्थळ, काळ व व्यक्तींसह. मूळ प्रत लेखकाकडे राहावी आणि पक्षकारांना नकला द्याव्यात. हेतू हा की, न्यायाधीश कसा वागला याविषयी पुढे वाद झाला तर सत्य सापडावे. आठशे वर्षांपूर्वीचा हा नियम वाचताना आम्हांला आपल्या बेंच क्लर्कचा रोजनामा आठवतो. लेखक हा न्यायाधीशाचा नुसता नोकर नसून एका अर्थाने त्याच्यावरील साक्षीदार आहे, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

१९८३ च्या धर्मविधिसंहितेत या लेखकाला नोटरी म्हटले आहे. नियम १४३७ म्हणतो की, नोटरीची सही नसेल तर खटल्यातील कृती निरर्थक ठरतात. बिशपांनी नेमलेल्या न्यायाधीशाने कितीही विद्वत्तेने साक्ष घेतली तरी शेजारी बसलेल्या नोटरीने सही केली नाही तर ती साक्ष शून्य. त्याची नेमणूक बिशप करतात. तो निष्कलंक कीर्तीचा व संशयातीत असावा, ही अट नियम ४८३ मध्ये आहे. तो धर्मगुरूच असावा असे नाही. ज्या प्रकरणात एखाद्या धर्मगुरूच्या अब्रूचा प्रश्न येऊ शकतो तेवढी सोडल्यास प्रापंचिक पुरुष किंवा स्त्रीही नोटरी होऊ शकते. त्याने शपथ घ्यावयाची असते, गुप्तता पाळावयाची असते, आणि नियम १४५६ प्रमाणे खटल्याच्या निमित्ताने न्यायाधीशाला वा कोणत्याही अधिकाऱ्याला कसलीही भेट घेता येत नाही. ‘कसलीही’ या शब्दात आपल्याकडची मिठाईची पेटीही आली. नेमणुकीच्या स्थैर्याच्या बाबतीत मात्र आपले सरकारी कारकून अधिक सुरक्षित आहेत. नोटरीला बिशप मुक्तपणे पदावरून दूर करू शकतात.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात निरक्षर कुणब्याला कचेरीतील कारकून कसे नाडीत, याचे चित्र रेखाटले आहे. त्या काळी कारकुनी काही थोड्या जातींच्याच हाती होती आणि लिहिता येणाऱ्याचा लिहिता न येणाऱ्यावर धाक होता. आज कचेरीत सर्व समाजांतील मुले-मुली दिसतात. धाक पूर्वीइतका नाही, पण तो पुरता गेला असेही म्हणवत नाही. ‘उद्या या’ हे दोन शब्द ऐकून रोजंदारी बुडवून परत जाणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्याचबरोबर हेही लिहिले पाहिजे की, अपुऱ्या माणसांनिशी, धुळीने भरलेल्या गाठोड्यांमध्ये, संध्याकाळी दिवे लागल्यावरही रोजनामे पुरे करीत बसलेले कर्मचारी आम्ही पाहिले आहेत. न्यायाधीशांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती जगन्नाथ शेट्टी यांच्या आयोगाने न्यायालयीन कर्मचाऱ्यांचाही स्वतंत्र विचार करून २००३ मध्ये अहवाल दिला होता. तोवर त्यांची अशी वेगळी दखल घेण्याचे देशपातळीवर कोणाला सुचले नव्हते.

संगणकीकरणाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. जुनी दप्तरे संगणकावर चढविणे हा त्यातील एक मोठा भाग आहे. कागद हरवण्याची भीती त्यामुळे कमी होईल. मात्र चुकीचे नाव संगणकात चढले तर ते चुकीचेच राहते. ‘डिसोझा’ आणि ‘डिसूझा’, ‘मार्था’ आणि ‘मार्ता’ यांतील फरकामुळे आमच्या बाप्तिस्मा नोंदवहीचा उतारा, आधार पत्र आणि न्यायालयातील अर्ज यांचा मेळ बसत नाही आणि वारसा प्रमाणपत्राची प्रकरणे अडून राहतात, हा अनुभव नित्याचा आहे. अर्ज दाखल करण्यापूर्वी सर्व कागदांवरील नाव एकच आहे ना, हे पाहून घ्यावे. चर्चच्या नोंदवहीत दुरुस्ती लागत असेल तर ती धर्मग्राम कार्यालयात आधीच मागावी. तिलाही पुरावा लागतो आणि वेळही.

या व्यवसायाला स्वतःचा संत आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, आजच्या मोरोक्कोतील टँजिअर येथे मार्सेलस नावाच्या ख्रिस्ती शतपतीवर खटला चालला होता. कॅसियन हा त्या न्यायालयाचा लेखक. अधिपतीने देहदंड सुनावला तेव्हा, परंपरा सांगते, कॅसियनने हातातील लेखणी व पाट्या जमिनीवर फेकल्या आणि हा निकाल अन्यायाचा आहे, तो मी लिहिणार नाही, असे सांगितले. पुढे त्यालाही मारण्यात आले. लघुलेखक त्याला आपला आश्रयदाता मानतात. त्याचा सण ३ डिसेंबरला येतो. त्याच दिवशी संत फ्रान्सिस झेवियरचा सण असल्याने आपल्याकडे कॅसियनची आठवण कोणाला होत नाही. २०२३ च्या भरतीचे अर्ज त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून सुरू झाले होते. पुढील जाहिरात उच्च न्यायालयाच्या आणि जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर येईल. धर्मग्रामांतील युवक-युवतींनी तोवर मराठी टंकलेखनाच्या वर्गात नाव घालावे, दाखले काढून ठेवावेत. अर्जाच्या वेळी प्रतिष्ठित व्यक्तींकडून चारित्र्याचे दाखले लागतात. त्यासाठी अखेरच्या दिवशी रात्री धर्मगुरूंचे दार ठोठावण्याऐवजी आठवडाभर आधी यावे.